हुकलेले फोटो मोज

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. रात्री पावणेदोनला पाठवला आहेस. पक्ष्यांच्या फोटोसाठी घ्यायच्या दोन लेन्स, बावीस रकाने, लाल-हिरवे-पिवळे रंग, प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण आणि तळाशी बेरीज. एवढं करून दोघींची बेरीज सारखीच आली, म्हणून खाली एक हताश ओळ: ‘काका, आता तुम्हीच काय ते एक सांगा.’ मला आधी हसू आलं. मग आठवलं, की असाच एक कागद मीही केला होता, फूटपट्टीने रेघा मारून, आणि त्यावर विसंबून मोठी खरेदीही केली होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ती बेरीज पुसून टाक. फिल्टरच्या व्यासाला सहा गुण, पक्ष्यापर्यंत पोचण्याला आठ, आणि दोन्ही मिळून चौदा? चौदा काय?

आकडे तू बरोबर उतरवलेस, त्याबद्दल तक्रार नाही. सोनीची १००-४०० जीएम (आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तेवढा पक्षी जवळ) २०१७ची, १३९५ ग्रॅम. २००-६०० जी २०१९ची, २११५ ग्रॅम. एक मिटवली की २०५ मिलिमीटर, झूम केली की नळी बाहेर येते. दुसरी कायम ३१८ मिलिमीटर, लांबी बदलत नाही, त्यामुळे हातातला तोलही फारसा ढळत नाही. हे सगळं तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

एक हिरवी चौकट मात्र चुकीची आहे. ४०० ला एफ/५.६ मिळतो आणि ६०० ला एफ/६.३ (एफखालचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), म्हणून ‘कमी उजेडात १००-४०० सरस’ असं तू लिहिलंस. फ्रेम पक्ष्याने भरणार असेल तर ठीक. पण पक्षी लांब आहे, पुढे सरकता येत नाही, आणि ४०० वर काढलेला फोटो तू घरी येऊन कापणार आहेस, तेव्हा काय होतं? ४०० ला ५.६ ने भाग: उजेड आत येण्याचं तोंड साधारण ७१ मिलिमीटर. ६०० ला ६.३ ने भाग: ९५. क्षेत्रफळाच्या हिशोबाने त्याच पक्ष्याकडून मोठी लेन्स जवळजवळ पावणेदोन पट उजेड गोळा करते. आणि तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून ४०० चा ६०० करायला कापलंस तर हातात ११ मेगापिक्सेलही उरत नाहीत. लांबच्या, लहान, न हलणाऱ्या पक्ष्यासाठी ६०० सरस आहे, यात वाद नाही. मी १००-४०० वापरतो आणि तरीही हे लिहितोय, याची नोंद घे.

टेलिकन्व्हर्टरचंही, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पल्ला वाढवणाऱ्या भिंगाचंही, उरकून टाकतो. १००-४०० ला १.४ चा जोडला की ५६० मिळतात आणि एफ/८ उरतो. एक पूर्ण स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड गेला. अधूनमधून ठीक आहे. पण तो कायम लावून ठेवायचा असेल तर ६०० का घेतली नाही, असा प्रश्न तुझा तुलाच पडेल.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या बावीस रकान्यांत एक रकाना नाही, आणि तो नाही म्हणूनच तू तीन महिने अडकलीस. तुझे फोटो आजवर कशामुळे हुकले, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. लेन्स कशी आहे ते ओळीने लिहिलंस. तू कशी आहेस ते नाही. हुकलेले फोटो मोज. लेन्स निवडायची दुसरी कुठलीही रीत मला खरी वाटत नाही, आणि पटवून घ्यायची आता इच्छाही उरलेली नाही.

तू नमुन्यादाखल ७०-३०० ने काढलेले ३८ फोटो पाठवले होतेस ना, ‘बघा, ३०० कसं कमी पडतं’ म्हणून? मी ते एकेक उघडून, शटर स्पीड, फोकल लेंथ, वेळ बघत मोजले. ११ फोटोंत पक्षी हललेला आहे. शटर १/२५० किंवा १/३२० सेकंद, आणि घार उडतेय! लेन्समधलं स्थिरीकरण तुझा हात सांभाळतं, घारीचे पंख नाही. तिथे १/२००० लागतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे. नऊ फोटोंत फोकस पुढच्या काडीवर आहे. सहांमध्ये पक्ष्याची पाठ दिसते, कारण तू चालत त्याच्या अंगावर गेलीस आणि तो निघाला. पाच फोटो दुपारी दीडचे आहेत; मधली हवा तापून थरथरतेय आणि त्यात पक्षी विरघळलाय. ६०० वर हीच थरथर आणखी मोठी दिसली असती, हे लक्षात ठेव.

उरले सात. त्या सातांत उजेड चांगला आहे, पक्षी तुझ्याकडे बघतोय, फोकस डोळ्यावर आहे, आणि तो खरोखरच लहान पडलाय.

३८ मधले सात. उरलेले ३१ कुठल्याही लेन्सने असेच हुकले असते. हे वाचून राग येईल. येऊ दे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी काय केलं ते ऐक. डीएसएलआरचे दिवस होते. माझ्याकडे छोटी झूम होती, आणि प्रत्येक वाईट फोटो बघून मी एकच म्हणायचो: लेन्स कमी पडली. मग कागदावर रेघा मारल्या, गुण दिले, आणि ६०० पर्यंत जाणारी, जवळजवळ तीन किलोची लेन्स घेतली. पहिल्या महिन्यात छाती फुगलेली. दुसऱ्या महिन्यात ट्रायपॉड आला. तिसऱ्या महिन्यापासून मी चालणं सोडलं. एका तळ्याच्या काठावर, एका ठरावीक दगडापाशी बसायला लागलो. समोर पाण्यात एक वाकलेली काठी होती आणि तिच्यावर खंड्या यायचा. चार हिवाळे मी त्या काठीवरचा खंड्या काढला. मासा घेतलेला, मासा सोडलेला, पंख झाडणारा, पावसातला. पाठीमागे सगळीकडे तोच मऊ हिरवा धूसरपणा. लोक वाहवा करायचे. मलाही वाटायचं, जमलं.

पाचव्या वर्षी ते तळं बुजवलं.

मग कुणीतरी विचारलं, तळं कसं होतं, एखादा फोटो आहे का? मी दोन हजारांवर फोटो चाळले. काठी आहे. काठीवरची शेवाळाची रेघ आहे. खंड्याच्या चोचीतल्या माशाचे खवलेसुद्धा मोजता येतील. तळं नाही. पलीकडचा बांध नाही, पाणकणसं नाहीत, सकाळी पाण्यावर उतरणारं धुकं नाही. खंड्या कुठे राहत होता, हे माझ्या एकाही फोटोत नाही. चार वर्षं मी तिथे रोज होतो आणि ते डोळ्यांनी बघतही होतो. पण कॅमेऱ्याला जी लेन्स लावली होती तिला ते दिसत नव्हतं, आणि हळूहळू मलाही ते फोटोचा विषय वाटेनासं झालं.

त्यानंतर ती लेन्स विकली. हे शहाणपण होतं की राग, ते अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून तुझ्या तक्त्यात ‘सुरुवातीची फोकल लेंथ’ या रकान्याला तू तीन गुण दिलेले पाहून मला अस्वस्थ झालं. २०० वर कर्णाच्या दिशेने साधारण १२ अंश दिसतात, १०० वर २४. कागदावर हा नुसता दुपटीचा फरक. प्रत्यक्षात बगळ्यांचा थवा अचानक डोक्यावरून वळतो तेव्हा एकीत थवा मावतो, दुसरीत चार पंख आणि एक पाय. आणि जवळचं? १००-४०० एक मीटरच्या आत, ०.९८ मीटरवर फोकस होते. काठावरचा चतुर सेन्सरवर खऱ्या आकाराच्या एक-तृतीयांशाहून थोडा मोठा उतरतो. २००-६०० ला २.४ मीटर मागे जावं लागतं आणि आकार एक-पंचमांशावर येतो. तुझ्या ३८ मध्ये एकही चतुर नव्हता. तू जातेस त्या पाणथळीवर चतुर नाहीत, असं नको सांगूस.

बघ, घसरलो. तुझे फोटो मोजता मोजता माझी लेन्स विकायला लागलो. तर माझीही मोजणी दाखवतो, नाहीतर हा सगळा उपदेश फुकटचा.

गेली काही वर्षं मी वही ठेवतो. फोटो हुकला की घरी येऊन एक ओळ. मागच्या वर्षी ६४ ओळी झाल्या. त्यांतल्या २३ मध्ये एकच कारण: ‘४०० अपुरे’. तुझ्या सातांपेक्षा हे प्रमाण कितीतरी मोठं आहे. माझाच नियम मला लावला तर मी उद्या सकाळी २००-६०० घ्यायला हवी. मी घेणार नाही. कारण विचारशील, तर त्या २३ पैकी निम्म्या वेळा मी अर्धा तास आणखी थांबलो असतो तर पक्षी जवळ आला असता. वय झालं, थांबवत नाही. आणि दुसरं कारण: खांद्यावर ७२० ग्रॅम जास्त घेऊन मी तिथवर पोचलोच नसतो, मग त्या २३ ओळीही लिहिल्या गेल्या नसत्या. हे तुला पटण्यासारखं आहे की माझ्या हट्टाला चढवलेला सदरा आहे, ते तू ठरव. मला दोन्ही वाटतं, दिवसावर अवलंबून.

आणि एक गोष्ट त्या वहीत येतच नाही. जो फोटो काढावासा वाटलाच नाही, तो हुकला म्हणून कोण लिहिणार? तळ्याची ओळ माझ्या वहीत कधीच आली नसती. तेव्हा मोजताना त्याही जागा आठव: कॅमेरा डोळ्याला लावून, ‘फारच जवळ आहे’ किंवा ‘हे काय काढायचं’ म्हणून तू खाली घेतलास तेव्हा समोर काय होतं. ते फोटो कार्डावर नाहीत, पण हुकलेलेच आहेत. तेही मोज.

आता काम सांगतो. नव्या लेन्सचा विषय पंधरा दिवस बंद. परीक्षणं बघायची नाहीत. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचे कोपरे कोणत्या लेन्समध्ये जास्त शार्प येतात, यावर तुझं आयुष्य अडलेलं नाही. आहे ती ७०-३०० घेऊन सकाळी बाहेर पड. उडणाऱ्याला १/२०००. ऊन तापायच्या आत घरी. दिसलेल्या पक्ष्याकडे चालत जायचं नाही. तो जिथे येतो तिथे आधी जाऊन खाली बसायचं. घरी आल्यावर प्रत्येक हुकलेल्या फोटोपुढे एक कारण, एकच, पळवाट न काढता. ‘लेन्स’ हे कारण लिहायची परवानगी फक्त तेव्हा, जेव्हा बाकी सगळं बरोबर होतं.

पंधरा दिवसांनी ‘लहान पडला’चा ढीग खरोखर सर्वांत मोठा असेल, तर २००-६०० घे आणि मला विचारूही नकोस. माझं तळं माझं होतं, ते तुझ्या गळ्यात का म्हणून बांधू? पण ‘मावला नाही’, ‘तिथवर गेलेच नाही’, ‘काढायचं सुचलं नाही’ असल्या ओळी निघाल्या, तर १००-४००. दोन्ही ढीग सारखे भरले तर दोन्ही लेन्स दोन-दोन दिवस भाड्याने घे आणि दिवसभर पायी फीर. चार तासांनंतर कोणती हातात आहे आणि कोणती बॅगेत गेली, तेवढंच बघ. आणि ते दिवसही मोजणीत धर.

आणखी एक. पाण्याच्या काठावर उभी असतानाचा तुझा जो फोटो मैत्रिणीने काढलाय, त्यात लेन्सचा हूड, म्हणजे तिरपं ऊन अडवणारा पुढचा कडा, उलटा लावलेला दिसतोय, बॅगेत ठेवताना लावतात तसा. तुझ्या ३८ मधले चार-पाच फोटो फिके, धुरकट होते. मी ते तापलेल्या हवेच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. आता शंका येतेय, त्यांतले काही तरी पुढच्या काचेवर पडलेल्या तिरप्या उन्हाचे असतील. म्हणजे माझीही मोजणी चुकलीच. उद्या बाहेर पडण्याआधी तो हूड काढून सरळ लाव.

तुझा,
काका