‘सही केली तर पेन्शन जाईल ना, ताई?’

वैशाली (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. फाइलमध्ये सगळ्यात वर कँटीनचं कार्ड, त्याखाली मुलांच्या फीच्या पावत्या आणि तळाशी नवऱ्याच्या भावाने आणून दिलेला परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज. त्यावर नवऱ्याची सही झालेली होती. तिच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेली.

‘‘दोन लाख घे आणि सही कर म्हणतात. आई म्हणते, मर पण सही करू नको. सही केली तर पेन्शन जाईल ना, ताई?’’

सातारा जिल्ह्यात नवरा-बायकोच्या वादांत सल्ला देण्याचं हे काम करायचं म्हटलं की फौजेतली घरं येणारच. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. गेल्या काही वर्षांत हा पेन्शनचा प्रश्न माझ्याकडे इतक्या बायकांनी विचारलाय, की वैशालीची हकीकत सविस्तर लिहावीशी वाटली.

लग्नाला अकरा वर्षं. नवरा हवालदार. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. अकरा वर्षांत एकत्र संसार जेमतेम तीन वर्षांचा, तोही फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हाचा. फील्ड एरियात कुटुंब नेता येत नाही, मग ती सासरी आणि तो तिकडे. भांडणं फोनवर, अबोलाही फोनवरच. सात महिन्यांपासून पैसे बंद. ती माहेरी.

मी तिला विचारलं, ‘‘पेन्शन जाईल म्हणजे नक्की काय जाईल असं तुला वाटतं?’’

‘‘त्यांची निम्मी पेन्शन मला मिळती ना? बायकोची असती ती.’’

तिथेच गाठ होती. तो रिटायर झाल्यावर जी पेन्शन येते ती त्याची. बायकोच्या नावाने जी असते ती फॅमिली पेन्शन, आणि ती सुरू होते फौजीच्या पश्चात. तो जिवंत असेपर्यंत त्या पेन्शनमधला एक रुपयाही बायकोच्या खात्यात आपोआप येत नाही.

ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे ते गेल्यावरच?’’

‘‘हो.’’

तिने फाइल बंद केली. ‘‘मला तसलं काही नको वाटत, ताई. भांडण आहे, पण तसलं नको.’’

घटस्फोट झाला की बायकोचा फॅमिली पेन्शनवरचा हक्क संपतो, हे खरं. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची वैद्यकीय सुविधा, कँटीन, क्वार्टर हेही तिच्यापुरतं बंद होतं. मुलांचं तसं नाही. बापाशी असलेलं नातं कुठलंच कोर्ट तोडत नाही, त्यामुळे नियमात बसेल तोवर त्यांचे हक्क शाबूत राहतात. हा तोटा लहान आहे असं मी कुणालाच सांगत नाही. पण ज्या पैशावर उद्या शाळेची फी भरायची आहे तो पोटगीचा पैसा आहे, आणि पेन्शनच्या भीतीपोटी बायका तोच मागायचा विसरतात. सही करायची नाही आणि मागायचंही काही नाही, अशा अवस्थेत पाच-सात वर्षं काढलेल्या बाया मी पाहिल्यात. माझा जीव सगळ्यात जास्त त्यांच्यासाठी तुटतो.

मी वैशालीला म्हटलं, घटस्फोटाचा कागद आत्ता बाजूला ठेव. त्याचं उत्तर सहा महिन्यांनी दिलं तरी चालेल. आधी पोटगी.

फौजीच्या बायकोला त्यासाठी दोन दारं आहेत. एक कोर्टाचं. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. हा अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात करता येतो, नवऱ्याच्या पोस्टिंगच्या गावी धावावं लागत नाही. घटस्फोटाचा अर्जही हिंदू विवाह कायद्याखाली बायको स्वतः राहते तिथे दाखल करू शकते. दुसरं दार फौजेचं. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम ९१ खाली जवान आणि जेसीओंच्या (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) पगारातून, आणि कलम ९० खाली अधिकाऱ्यांच्या पगारातून, बायको-मुलांच्या पोटगीसाठी रक्कम कापता येते. २००१ च्या आर्मी ऑर्डरप्रमाणे बायकोसाठी पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलामागे साडेपाच टक्के, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त ३३ टक्के. हिशेब केला तर वैशाली आणि दोन मुलं बरोबर ३३ वर येत होती. कोर्टानेही पोटगी दिली तर एकातली रक्कम दुसऱ्यात धरली जाते, दोन्हीकडून पूर्ण मिळत नाही. शिवाय फौजीच्या पगारावर दिवाणी कोर्ट थेट जप्ती आणू शकत नाही, आर्मी अॅक्टचं कलम २८ आड येतं. म्हणून कोर्टाचा हुकूम हातात असला तरी तो फौजेकडे पोचवून कपात करून घ्यावी लागते.

फौजेचा अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या नावाने. त्यात नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट लागतं. वैशालीला नंबर पाठ नव्हता, डिपेंडंट कार्ड सासरी राहिलेलं. मी म्हणत होते की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारू. तेवढ्यात तिला आठवलं. पहिल्या क्वार्टरवरून परत येताना सामान भरून आणलेली काळी पत्र्याची ट्रंक माहेरच्या माळ्यावर होती. भावाने फोटो पाठवला. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, थोड्या तिरक्या अक्षरांत नंबर, रँक, नाव. रँक तेव्हाची, शिपाई. नंबर तोच.

मग तिने लिहून आणलेलं पत्र वाचलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. नणंदेचं बोलणं, दिवाळीत न केलेला फोन, कुणा बाईवरचा संशय, ‘याला नोकरीवरून काढा’ हे शेवटचं वाक्य. प्रत्येक ओळीमागे खरं दुःख होतं आणि मी ते सगळं ऐकलं, तासभर लागला. पण असं पत्र युनिटला पाठवू नका, हे मी इथे कळकळीने सांगते. त्याची नोकरी गेली तर पोटगी कशातून कापणार? सिद्ध न होणारे आरोप केले की खरी मागणी त्यात बुडून जाते, आणि तोच कागद पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध क्रूरतेचा पुरावा म्हणून येतो. मारहाण, जिवाची भीती असेल तर गोष्ट वेगळी. ते लिहाच, आणि आधी पोलीस ठाणं किंवा घरगुती हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी गाठा. वैशालीच्या बाबतीत तसं नव्हतं.

आम्ही एक पान केलं. लग्नाची तारीख, मुलांची नावं आणि जन्मतारखा, पैसे कधीपासून बंद, बँक पासबुकाची झेरॉक्स, फीच्या पावत्या, खाते क्रमांक, आणि एकच विनंती: मला आणि मुलांना पोटगी मंजूर व्हावी. रजिस्टर पोस्टाने, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता. एक प्रत जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला.

याला वेळ लागतो. युनिट आधी समेटाचा प्रयत्न करतं, नवऱ्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं घेतं, मग कागद वर जातो. त्या महिन्यांत वैशाली एका बेकरीत कामाला लागली. मध्ये दोनदा माझ्याकडे येऊन नुसती रडून गेली.

कोर्टातला पोटगीचा अर्जही आम्ही थांबवला नाही. नोटीस पोचणार कशी, ही काळजी तिलाही होती. कायद्यात त्याची सोय आहे: सैनिकाचं समन्स कोर्ट त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवतं आणि तो बजावून पोच परत करतो. मात्र तारखेला नवरा आला नाही की लगेच एकतर्फी निकाल लागेल, असं धरून चालू नये. युद्धभूमीवर किंवा तशा खास कामगिरीवर असलेल्या सैनिकाला १९२५ चा एक कायदा संरक्षण देतो, कोर्ट काम पुढे ढकलतं. मला ते योग्यच वाटतं. सरहद्दीवर उभ्या माणसाच्या पाठीमागे त्याचं घर मोडू नये.

वैशालीचा नवरा वार्षिक सुट्टीवर आला तेव्हा स्वतःहून भेटायला आला. खुर्चीच्या टोकावर ताठ बसला.

‘‘मॅडम, सीओ साहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, बायकोने अब्रू काढली. साहेबांनी पत्र समोर ठेवलं. त्यात नुसती पोरांची फी.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘मुलगी चौथीत गेली हे मला त्या पावतीवरून कळलं.’’

तीन बैठका झाल्या. मी समेटाचाही प्रयत्न केला, मनापासून केला. पण दोघांनाही संसार परत नको होता, आणि ते त्यांनी एकमेकांसमोर न ओरडता सांगितलं. परस्पर संमतीसाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. फौजीच्या घरात ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. तो पोस्टिंगवर आणि ती गावी, हे कायद्याच्या भाषेतलं वेगळं राहणं नव्हे. नवरा-बायको म्हणून राहणं कधी थांबलं, ती तारीख महत्त्वाची. त्यांच्याबाबतीत ती तारीख वर्षाच्या अलीकडची निघाली, म्हणून भावाने आणलेला तो अर्ज तसाही टिकला नसता. थांबावं लागलं. त्या काळात पगारातली कपात सुरू झाली.

पुढे अर्ज नव्याने केला तेव्हा दोन लाखांचा विषय कुणी काढला नाही. मुलांची पोटगी तो रिटायर झाल्यावरही चालू राहील, हे आम्ही स्पष्ट लिहून घेतलं. रिटायरमेंटनंतर कापायला फौजेचा पगार नसतो, म्हणून ही ओळ विसरू नका. वैशालीला एकरकमी रक्कम आणि काही वर्षं महिन्याची पोटगी. तिने ‘पुढे काही मागणार नाही’ यावर सही करण्याआधी मी तिला तीनदा विचारलं, कारण घटस्फोटित बाईलाही पुनर्लग्न होईपर्यंत पोटगी मागता येते आणि तो हक्क ती त्या वाक्याने सोडत होती. तिने ते वाक्य खोडायला लावलं. विम्याचं नॉमिनेशन मुलांच्या नावे. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांची मुदत असते, काही परिस्थितीत कोर्ट ती माफ करू शकतं. यांनी ती पूर्ण काढली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलांच्या भेटीवर. वकिलांच्या ठरीव मसुद्यात ‘दर दुसरा आणि चौथा शनिवार’ असं छापलेलं होतं. दुसऱ्या शनिवारी हा माणूस हजार मैलांवर असणार! ते खोडून आम्ही लिहिलं: सुट्टी मंजूर झाली की सात दिवस आधी वैशालीला कळवायचं, सुट्टीतले निम्मे दिवस मुलं त्याच्याकडे, शाळा असेल तर तो पोचवेल आणि आणेल. एरवी रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, नेटवर्क नसेल त्या आठवड्याचा दोष कुणाचा नाही.

हुकूमनाम्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्याचा फोन दोनच दिवस आधी आला, कारण सुट्टीच अचानक मिळाली होती. वैशालीने मला विचारलं, ‘‘सात दिवस लिहिलेत ना, ताई? नाही म्हणू का?’’ मी काही बोलायच्या आत मागून मुलाचा आवाज आला, माझी बॅग कुठंय. तिने फोन ठेवला.