मसाला तुझा, दुकान दुसऱ्याचं

सदाशिव पेठ, पुणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

गोडा मसाला ऑनलाइन विकायचा तुझा बेत, त्यासाठी तू पाठवलेलं 'ऑनलाइन यशाचं गुपित' हे एका गृहस्थांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. जन्मभर लिहिण्यावर पोट भरलेल्या माणसाला धंद्यातलं काय कळतं, असं तुझे बाबा म्हणतील. म्हणू देत. नेमाने पोस्ट टाक, लोकांना उत्तरं दे, हे त्या गृहस्थांचं खरंच आहे. पण एवढं बोलून शेवटी त्यांनी विकलं काय? स्वतःचाच कोर्स! शिकवण्याव्यतिरिक्त ते कशावर कमावतात, एवढं पैसे भरायच्या आधी विचार.

यूट्यूबचा हिशेब मांडून बघ. जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं लागतं. म्हणजे तुझा चार मिनिटांचा आमटीचा व्हिडिओ शेवटपर्यंत 60,000 वेळा चालायला हवा. शॉर्ट्सची वाट धरलीस तर 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. इतकं करून गोड्या मसाल्याचं एक पाकीटही खपलेलं नसेल. व्हिडिओ जरूर कर, पण पाकीट खपावं म्हणून.

29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. लाखो फॉलोअर असलेल्या कित्येकांकडे त्यांतल्या चार जणांचेही फोन नंबर नसतील. तू गिऱ्हाइकांची वही घाल. आमच्या मागच्या वाड्यातल्या काकू दिवाळीआधी चकलीची भाजणी विकतात. त्यांच्या वहीत नावापुढे नोंदी असतात: 'ओवा कमी', 'लेक येणार, पाव किलो जास्त', 'सुटे कधीच देत नाहीत'. ही वही कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टचा मेसेजसुद्धा ज्याने तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, तेव्हा पाकीट हातात देतानाच 'नंबर सेव्ह करा हं' म्हणायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

कोर्सचे पैसे वाचतील त्यात एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी नोंदणी उरकून घे. पाकिटावर तो नंबर आणि तारीख हवीच. दगडफूल मार्केट यार्डातून स्वतः हुंगून आण. ते जुनं निघालं तर रीलवर कितीही गाणी लाव, आमटी बेचवच होणार.

पाव किलोचा भाव काय ठरवलास ते कळव. धणे-खोबऱ्याबरोबर गॅस, पाकिटं आणि तुझी स्वतःची मजुरीही धर. मजुरी धरायला बायका हमखास विसरतात.

तुझा,
काका