बी.एस्सी. नर्सिंग नुकतंच झालंय, अनुभव काहीच नाही. नोकरीचा अर्ज आणि मुलाखतीची तयारी कशी करू?

तू लिहिलंयस की इंटर्नशिप संपली, निकाल लागला, पुण्या-मुंबईच्या सहा-सात हॉस्पिटलांना बायोडेटा पाठवला, पण फोन एकाच ठिकाणाहून आला. तिथे "अनुभव काय?" असं विचारल्यावर "फ्रेशर आहे" एवढं म्हणून तू गप्प बसलीस. शिवाय शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजीची धास्ती. माझी भाची तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. गेली काही वर्षं मुलाखतींना मेट्रन मॅडमच्या, म्हणजे सगळ्या नर्सिंग स्टाफच्या प्रमुखांच्या शेजारी बसते, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

आधी तो "फ्रेशर" शब्द तोंडातून काढून टाक. चार वर्षांत तू मेडिसिन, सर्जरी, लेबर रूम, पेडियाट्रिक, ओटी, सायकियाट्री, कम्युनिटी एवढ्या पोस्टिंग केल्यास. पहाटे साडेचारला उठून टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेतलेस, बेड केलेस, मावशींबरोबर पेशंट कुशीवर वळवलास. हा अनुभवच आहे, फक्त तो पगारी नाही. आणि आम्ही समोर बसून तुझं पुस्तकी ज्ञान मोजत नसतो. मेट्रन मॅडमच्या मनात एकच प्रश्न असतो: तीन महिन्यांनी हिच्या भरवशावर नाइटला वॉर्ड सोडता येईल का? तुझं प्रत्येक उत्तर त्या प्रश्नावर तपासलं जातं.

म्हणून तयारीची सुरुवात गाइडपासून करू नकोस. लॉगबुक आणि केस स्टडीच्या फाइली काढ, दोनशे पानी वही घे आणि तुला आठवणारे दहा पेशंट लिहून काढ. नाव लिहायचं नाही, वय आणि आजार पुरे. (मुलाखतीतही पेशंटचं नाव घ्यायचं नाही. कुणी सहज घेतलं तर आम्ही ते टिपून ठेवतो.) पेशंट कशासाठी आला, तू काय पाहिलंस, कुणाला सांगितलंस, स्वतःच्या हाताने काय केलंस, पुढे काय झालं. प्रत्येकाला एक पान. आठ-दहा दिवस लागतील. पण मग मुलाखतीत जवळजवळ कुठलाही प्रश्न आला तरी त्याचं उत्तर या दहा जणांपैकी कुणापाशी तरी सापडतं.

एक मुलगी आठवते. तिला लेबर रूमबद्दल विचारलं, तर तिने व्याख्या सांगायला सुरुवात केली नाही. ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या खेपेची बाई होती, बाळंतपण होऊन तासभर झाला होता. मी बीपी घ्यायला गेले तर पॅड पूर्ण भिजलेलं. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागलं. मी तिथूनच सिस्टरना हाक मारली. त्यांनी मसाज सुरू केला, डॉक्टर आले, मी नाडी मोजत राहिले आणि दर पाच मिनिटांनी लिहीत राहिले." त्यातलं "हाक मारली" ऐकून मेट्रन मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मुलीने काही मोठा पराक्रम केला नव्हता. तिने पाहिलं, हात लावून खात्री केली, लगेच सांगितलं आणि लिहून ठेवलं. नव्या मुलीकडून आम्हाला एवढंच हवं असतं. तिची निवड झाली.

आता बायोडेटा. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ बायोडेटांवर वरचा मजकूर अगदी एकसारखा असतो, कारण तो सायबर कॅफेतल्या एकाच फाइलमधून आलेला असतो: मेहनती आहे, शिकण्याची आवड आहे, संस्थेच्या प्रगतीत हातभार लावायचा आहे. ते सगळं काढून टाक. एकच पान ठेव. वर नाव, फोन, साधा ईमेल आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा म्हणजेच नर्सिंग काउन्सिलचा नोंदणी क्रमांक. त्याखाली पोस्टिंग: कोणतं हॉस्पिटल, किती खाटांचं, कोणता वॉर्ड, किती आठवडे. आणि मग दोन वेगळे गट कर, "स्वतः केलेलं" आणि "पाहिलेलं किंवा मदत केलेलं". आयव्ही कॅन्युला, कॅथेटर, राइल्स ट्यूब, ईसीजी, ड्रेसिंग, नेब्युलायझेशन, जे जिथे खरं असेल तिथेच टाक. एका मुलीने "व्हेंटिलेटर हाताळणी" असं लिहिलं होतं. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) म्हणजे काय, एवढंच विचारलं आणि तिचे डोळे भरून आले. त्या खोलीत तिला तसं पाहणं मला फार जड गेलं, कारण बाकी सगळं तिला छान येत होतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट पाहिला, सक्शनला सिस्टरना मदत केली, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

नोंदणी अजून झाली नसेल तर आज पहिलं काम ते. विद्यापीठाचा निकाल म्हणजे परवाना नव्हे. काउन्सिलची आरएन-आरएम (परिचारिका आणि प्रसविका) नोंदणी असल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही आणि चांगलं हॉस्पिटल तुला घेणारही नाही. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलांना प्रत्येक नर्सची कागदपत्रं पडताळून ठेवावीच लागतात. बीएलएसचा, म्हणजे सीपीआरसारखे जीव वाचवणारे प्राथमिक उपाय शिकवणारा कोर्स केलास तर उत्तम. एक दिवसाचा असतो, कार्ड दोन वर्षं चालतं. एसीएलएस या त्याच्या पुढच्या कोर्ससाठी आत्ता घरच्यांकडे पैसे मागू नकोस, आयसीयूला लागलीस की पुढे करता येईल.

आणि नुसता ईमेल पाठवून वाट पाहत बसू नकोस. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर फोन करून नर्सिंग ऑफिस मागायचं आणि विचारायचं, "मॅडम, नवीन स्टाफच्या मुलाखती कोणत्या दिवशी असतात?" बऱ्याच ठिकाणी दिवस ठरलेला असतो आणि फाइल घेऊन थेट गेलेलं चालतं.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "तुझ्या हातून चुकीचं औषध दिलं गेलं तर काय करशील?" माझ्या पहिल्या मुलाखतीत हाच आला होता. मी ताठ बसून म्हणाले, "मी चूक करणारच नाही." मला वाटलं, छान छाप पडली. समोरच्या सिस्टरनी फाइल मिटली आणि "कळवू" म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, हे मला वॉर्डात उभं राहिल्यावर कळलं. जी म्हणते चूक होणारच नाही, ती झालेली चूक लपवते, आणि लपवलेल्या चुकीनेच पेशंट जातो. उत्तराचा क्रम असा असतो: आधी पेशंटपाशी जायचं, तो कसा आहे ते पाहायचं, बीपी, पल्स, श्वास, सॅच्युरेशन घ्यायचं. डॉक्टरांना आणि इन्चार्जला लगेच सांगायचं. ते सांगतील ते करायचं आणि पेशंटवर लक्ष ठेवायचं. काय, किती, किती वाजता दिलं ते केसपेपरवर खरं लिहायचं आणि इन्सिडंट फॉर्म भरायचा. "सिस्टर मला रागावतील" हा विचार या क्रमात कुठेच येत नाही.

असाच दुसरा प्रश्न: "नाइटला दोन वाजता एका पेशंटची सलाइन संपली म्हणून नातेवाईक ओरडतायत आणि त्याच वेळी दुसऱ्याला दम लागलाय, काय करशील?" आधी दम लागलेला, हे सगळ्याच सांगतात. पण हुशार मुलगी जाता जाता सलाइनचा क्लॅम्प बंद करते किंवा सोबतच्या सिस्टरला हाक देते आणि नातेवाइकांना "दोन मिनिटांत येते, काळजी करू नका" असं तोंडाने सांगते. दम लागलेल्याला बसतं करायचं, सॅच्युरेशनचा प्रोब नीट बसलाय का पाहायचं, वॉर्डच्या नियमाप्रमाणे ऑक्सिजन लावायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. फोनवर काय बोलशील, तेही विचारतील. "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" असं नाही. "सर, मेल सर्जिकल, बेड नंबर १२, हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. अचानक दम लागलाय, सॅच्युरेशन ८६, पल्स १२४, बीपी १००/६०. बसवलंय, ऑक्सिजन सुरू केलाय. तुम्ही लगेच येऊन पाहाल का?" हे घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहा. तुला पाठ केल्यासारखं वाटेल, पण खऱ्या रात्री हीच सवय कामाला येते.

बऱ्याच ठिकाणी आधी अर्ध्या तासाची लेखी परीक्षा असते आणि मुली तिथे गळतात, गणितामुळे. ५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायची आहे, सेट २० थेंबांचा (१ मिलीला २० थेंब) आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० भागिले ४८० (आठ तासांची मिनिटं), म्हणजे साधारण २१. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, हेही पक्कं हवं. मुलांच्या डोसचं असंच: १० किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १५० मिग्रॅ. सिरप किती मिली? इथे घाईने आकडा सांगू नकोस. बाटली कोणती, ते आधी विचार. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असेल तर ६ मिली, २५० असेल तर ३. मी हा प्रश्न मुद्दाम अर्धवट विचारते, बाटली कोण विचारतं ते पाहण्यासाठी. इन्सुलिनचंही पक्कं कर: ४० युनिटची (१ मिलीत ४० युनिट) व्हायल, तर लाल टोपीची ४० ची सिरिंज, १०० ची व्हायल, तर नारिंगी टोपीची १०० ची. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने भरलंस तर डोस अडीचपट जातो. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत पुश करायचं नाही, हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं. त्याबरोबर हात धुण्याच्या पाच वेळा, बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगात काय जातं, सुई टोचली तर काय करायचं (साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच कळवायचं, पीईपी म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं लागली तर ती ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी) आणि सीपीआरचे ३०:२ (छातीवर ३० दाब, मग २ श्वास), मिनिटाला १०० ते १२० दाब. एवढं तोंडपाठ झालं पाहिजे.

इंग्रजीबद्दल. ओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची पेशंटची माहिती) आणि नर्सेस नोट्स इंग्रजीत लिहाव्या लागतात, त्यामुळे लिहिण्याचा सराव हवाच. रोज त्या दहांपैकी एका पेशंटच्या सहा-सात ओळींच्या नोट्स लिही. वॉर्डाला लागणारं इंग्रजी दोन-तीनशे शब्दांचं असतं आणि त्यातले बहुतेक तुला आधीच येतात. बोलताना स्वतःची ओळख आणि एक केस एवढं इंग्रजीत सांगता आलं तरी पुरे. पुढे अडलीस तर सरळ विचार, "मॅडम, हे मराठीत सांगू का?" आम्ही "हो" म्हणतो. आमच्याकडे केरळहून आलेल्या सिस्टर आहेत. पेशंटशी बोलता यावं म्हणून त्यांनी कष्टाने मराठी शिकून घेतली. नव्वदीच्या आजीला "आजी, जरा कूस बदलूया का?" म्हणताना जी आपुलकी तुझ्या तोंडात आयती आहे, तिची किंमत आम्हाला माहीत आहे. तू ती कमी लेखू नकोस.

पेहरावाचं फार मनावर घेऊ नकोस. साधा स्वच्छ पंजाबी ड्रेस, बांधलेले केस. नखं मात्र कापून जा, ती आम्ही खरंच पाहतो.

सरकारी नोकरीची वाट वेगळी आहे. तिथे नियमित पदांसाठी मुलाखत नाही, परीक्षेवरच निवड होते. एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा अलीकडे वर्षातून दोनदा होते, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात आणि बी.एस्सी. वाल्यांना अनुभवाची अट नाही. तुझी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली मैत्रीण असेल तर तिला सांग, तिला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पहिली नोकरी खाटा मोजूनच धरायची. जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाइल हे कागद जाहिरात यायच्या आधीच तयार ठेव. नोकरी करत अभ्यास होतो, दमछाक होते, पण होतो.

शेवटी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या पहिल्या नोकरीत माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. वडील आजारी पडले तेव्हा गावाकडे नोकरी मिळत होती, पण कागद हातात नव्हते म्हणून जाता आलं नाही. मूळ कागद दाखवायचे, पडताळणी समोर बसून करू द्यायची आणि झेरॉक्स देऊन ते परत घ्यायचे. कुणी "ठेवून जा" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणायचं आणि ती नोकरी सोडून द्यायची. पगाराचं विचारायला लाजू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही परिचारिकेला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली आहे. बऱ्याच ठिकाणी ती पाळली जात नाही, मला माहीत आहे. पण आकडा ठाऊक असला की समोरचा किती कमी सांगतोय ते तरी कळतं. आणि "तुला काही विचारायचंय का?" असं म्हणाले की मान हलवून उठू नकोस. नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात आणि पहिले तीन महिने मी कुणाच्या हाताखाली शिकणार, हे दोन प्रश्न विचार. त्यांना उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तेही पाहा.