तळ्याकाठचा लव्हाळा ओळखायला शिकताय? इथून सुरू करा

वनस्पती ओळखायला शिकताना लव्हाळ्यांपासून सुरुवात करत असाल तर खरंच छान, बहुतेक लोक त्यांना गवत समजून पुढे निघून जातात. सुरुवातीला सगळ्या जाती ओळखायच्या मागे लागू नका, एकच पक्की करा. माझं मत विचाराल तर शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा घ्या, जुन्या पुस्तकांत ती स्किर्पस आर्टिक्युलेटस नावाने सापडेल, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलेलं नाव. उथळ तळी, पावसाळी डबकी, भातखाचरांचे ओले कोपरे अशा ठिकाणी मिळते, पावसाळा ओसरून पाणी आटायला लागलं की बघायला जा.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:

- लव्हाळा म्हणजे तिकोनी दांडा असं पाठ करतात. बऱ्याच जातींना ते लागू आहे पण हिचा दांडा गोल आणि पोकळ असतो, आत आडवे पडदे असतात, बोटांत हलकेच दाबत वर गेलात की जाणवतात.
- फुलोरा शेंड्याला शोधतात. हिचा गुच्छ पार खाली, दांड्याच्या बाजूने फुटल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या वरचा लांब भाग दांडा नसून सरळ उभं राहिलेलं सहपत्र, म्हणजे फुलोऱ्याच्या बुडाशी येणारं पान असतं!
- फक्त शेंड्याचा फोटो काढतात. बुंधा, गुच्छ आणि आजूबाजूचं पाणी-चिखल, तिन्हीचे फोटो हवेत.

झाड उपटू नका प्लीज, फोटोवर भागतं. बियांचं मोजमाप, भिंग वगैरे पुढच्या सीझनला बघू. आणि चिखलात एकटे उतरू नका.