वचन वाचलं, आता करायचं काय?

भाऊ, बायबलमधलं एकच वचन उचलून लगेच स्वतःला लावू नको. मागची-पुढची दहाएक वचनं आधी वाच. यिर्मया या पुस्तकातलं 29:11, म्हणजे देवाच्या मनात तुमच्या हिताचे, आशेचे बेत आहेत असं सांगणारं वचन, कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं, पण त्याच्या आधीचंच वचन बाबेलातल्या बंदिवासाची 70 वर्षं सांगतं. ते आधीचं वचन सोडलं की नोकरी मिळणं लांबताच विश्वास डगमगतो.

मग आज्ञा शोध. ‘प्रेमानं वागेन’ असं मोघम लिहून काही होत नाही. कुणाशी आणि केव्हा, ते लिही. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकातलं 24:15 बघ: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे, त्याचं मन तिच्यावरच लागलेलं असतं. म्हणजे कापूस वेचणीचं माप झालं की रानातच पैसे हातावर ठेवायचे, बाजाराच्या दिवसावर ढकलायचे नाहीत. त्यासाठी सुटे पैसे सकाळीच आणून ठेव.