माय असलेली लेकरं

दिवाळी अंकात मी उत्तर थायलंडमधल्या आमच्या छोट्या संस्थेबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. सगळ्यांना उत्तर देणं या जागेत बसणार नाही, म्हणून पाच निवडली. ज्यांनी दिवाळी अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी: मी मूळची औसा तालुक्यातली. २०१० पासून चिआंग राईला राहते, तिथल्या एका शाळेत गणित शिकवते आणि उरलेला सगळा वेळ डोंगरातल्या आखा आणि लाहू जमातींच्या लेकरांच्या शिक्षणाच्या कामाला देते.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मी शाळा आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते. माझी रस्त्यालगत दोन एकर जमीन आहे, निवृत्तीचे पैसे आहेत. पन्नास लेकरांचा आश्रम बांधावा असं मनात आहे. तुम्ही सुरुवात कशी केली?
— निवृत्त शिक्षक, गेवराई

गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण २०१२ साली माझ्याही मनात नेमकं हेच होतं.

आमच्या भागात डोंगरातल्या काही गावांत सहावीपर्यंतची शाळा असते, काहींत तीही नसते, आणि सहावीच्या पुढं तर खाली यावंच लागतं. थायलंडमध्ये शिक्षण मोफत आहे, पण डोंगर उतरून रोज यायचं कसं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. मी एक घर भाड्यानं घेतलं, नऊ लेकरं आणली. दोन वर्षांत चौदा झाली. परवाना लागतो हे मला माहीतसुद्धा नव्हतं. थायलंडचा २००३ चा बालसंरक्षण कायदा आहे. त्याप्रमाणे नोंदणीशिवाय लेकरांना ठेवून घेणं गुन्हा आहे. एक सरकारी बाई आल्या, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, तुमचा हेतू चांगला आहे, पण उद्या वाईट हेतूचा माणूसही असंच घर उघडेल, त्याला आम्ही कसं ओळखायचं? मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या बाईंचे उपकार आहेत. पुढं आम्ही रीतसर संस्था नोंदवली. विश्वस्त तिथलेच आहेत, दोन आखा समाजातले. मी त्यांची स्वयंसेवक.

पण कामाची दिशा बदलली ती माझ्या आईमुळं. २०१४ च्या उन्हाळ्यात ती दोन महिने राहायला आली होती. शाळा नुकतीच उघडली होती. एका शनिवारी डोंगरातनं एक आखा बाई मोटारसायकलवर आली. मागं बांधलेला लाल भोपळा, चिकट तांदळाचं पोतं. तिची नऊ वर्षांची लेक आमच्याकडे होती. आई आणि ती बाई दुपारभर ओट्यावर शेंगा निवडत बसल्या. एकीचा एक शब्द दुसरीला कळत नव्हता. संध्याकाळी बाई निघाली, तेव्हा पोरगी कॅरिअरला धरून फाटकापर्यंत पळत गेली. रडली नाही. आत येऊन चपला काढल्या आणि वाकून त्या फिरवून ठेवल्या, टोकं फाटकाकडं.

रात्री आई म्हणाली, "हिच्या चपला रोज दाराकडं तोंड करून असत्यात. तू बघितलीस का?" मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "लेकराला माय हाय, बाप हाय, घर हाय. तू कशाला ठिवून घ्यायलीस?" मी समजावलं: शाळा बावीस किलोमीटर लांब, पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, गाडी नाही. आई म्हणाली, "मग गाडीचं बघ की. माय का बदलायलीस?"

गुरुजी, या दोन वाक्यांनंतर मला आठ दिवस नीट झोप लागली नाही. मग वही काढली. एका लेकराला घरात ठेवायचा महिन्याचा खर्च मांडला आणि दुसऱ्या बाजूला गाडीभाडं. तिकडं सोंगथाओ नावाची गाडी असते, पिकअपच्या मागं समोरासमोर दोन बाकं. गावातल्याच एकाची गाडी महिन्याच्या बोलीनं लावली. निम्म्याहून कमी खर्चात अकरा लेकरं रोज घरी जायला लागली. राहिली तीन. दोन सख्खे भाऊ, ज्यांच्या मागं कोणीच नव्हतं, आणि एक मुलगी, जिच्यासाठी घर सुरक्षित नव्हतं. ती तिघं परवानगीनं राहिली. बाकीची फक्त भर पावसात, रस्ता तुटला की मुक्कामाला येतात आणि रस्ता झाला की जातात. चौदापैकी अकरा जणांना मी ठेवून घेण्याची गरजच नव्हती. हे लिहिताना आजही जड जातं.

आता तुमच्या गावाचं. पन्नास लेकरं कोयत्यामागं जातात, पण सगळी एकाच कारणानं जात नाहीत. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला आणि कोपीवर भाकरी टाकायला जाते. दुसऱ्या घरी आजी आहे, पण तिच्याच्यानं आता चूल होत नाही. तिसऱ्या घरी वयात आलेली मुलगी मागं ठेवायची भीती वाटते. घरोघर बसून हे लिहून काढा. मुकादमाची उचल घेण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आतच. आजीआजोबांपाशी राहू शकणाऱ्या लेकरांसाठी तुमच्या ओसरीवर संध्याकाळचं गरम जेवण आणि दोन तास अभ्यास एवढं जरी झालं, तरी बरीच लेकरं गावात थांबतील, आणि रात्री आपल्याच अंथरुणावर झोपतील. ज्यांना खरंच राहायची सोय लागते त्यांच्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती तुमच्या शाळेत चालू होते का ते आधी बघा. जी जातातच, त्यांच्या हातात तिकडच्या शाळेत प्रवेशासाठीचं शिक्षण हमी कार्ड आहे ना, हे तुमच्याइतकं नीट कोण बघणार?

आणि तरीही काळजी व संरक्षणाची गरज असलेली लेकरं कायमची ठेवून घ्यायची वेळ आली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं नोंदणी करा. लेकरू बालकल्याण समितीकडूनच येऊ द्या. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला तुमच्या नावाची काळजी आहे. पस्तीस-चाळीस वर्षं कमावलेलं नाव आहे ते.

दोन एकर तशीच राहू द्या. येत्या दिवाळीला दहा लेकरांपासून सुरू करा.

ताई, आमच्या भिशीतल्या बायकांनी लेकरांसाठी कपडे आणि खेळणी जमवली आहेत, चांगली तीन खोकी. कोणत्या पत्त्यावर पाठवू? पैसेही पाठवायची इच्छा आहे.
— एक गृहिणी, लातूर

काकू, तुम्ही लातूरच्या, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

३० सप्टेंबर १९९३ ला मी तेरा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवून आलो होतो. पहाटे चारच्या आधी किल्लारीच्या भूकंपाचा धक्का बसला आणि आमच्या घराची मागची भिंत, दगडमातीची, अख्खी आत आली. आम्ही वाचलो. शेजारच्या घरातले वाचले नाहीत. चार-आठ दिवसांत कपड्यांचे ट्रक यायला लागले. रस्त्याच्या कडेला ढीग पडले, वरून पाऊस. चिखलात रुतलेल्या साड्या मी पाहिल्यात, लोकरीचे कोट पाहिलेत, एका पायाचे बूट पाहिलेत. देणाऱ्यांची मनं मोठी होती, यात शंकाच नाही. पण माझ्या आईला परकर हवा होता आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एक बाई मात्र आली, पुण्याकडची असावी. हातात काही नव्हतं, फक्त वही-पेन्सिल. माझ्यापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "तू कितवीला? पुस्तकं कोणती गेली?" मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं. पंधरवड्यानं सातवीचा पूर्ण संच आला, वर माझं नाव. गणिताच्या पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं होतं.

तेव्हा खोकी पाठवू नका, काकू. पाठवायचा खर्च आतल्या मालापेक्षा जास्त होईल, आणि आमच्या लेकरांना शाळेचा ठरलेला गणवेश लागतो, तो तिथंच मिळतो. पैशांचं म्हणाल तर भारतातून परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात ८०जी ची सूट मिळत नाही, बँकेचे सोपस्कार वेगळे. पण खरं कारण ते नाही. मी मराठवाड्यातून पैसे घेत नाही. आमचा खर्च तिथल्या काही दुकानदारांच्या आणि माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांच्या महिन्याच्या वर्गणीतून भागतो. तुमच्या भिशीचे पैसे वरच्या गुरुजींच्या ओसरीवरच्या जेवणाला गेले, तर मला जास्त आनंद होईल. संपादकांनी दोघांची गाठ घालून द्यावी, ही विनंती.

ताई, मी इंजिनिअरिंग केलंय. महिनाभर पर्यटक व्हिसावर येऊन तुमच्या लेकरांना कॉम्प्युटर शिकवू का? राहण्याखाण्याचं माझं मी बघेन.
— एक तरुण, नांदेड

नको रे दादा. पर्यटक व्हिसावर आलेल्याला तिथं काम करता येत नाही, आणि बिनपगारी काम हेही कामच धरलं जातं. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. मलाही दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, इतकी वर्षं झाली तरी. आणि आमच्याकडच्या त्या दोघा भावांनी सुरुवातीच्या काळात इतकी माणसं येताना-जाताना पाहिली, की धाकटा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारायचा, "तुम्ही कधी जाणार?" तेव्हापासून आम्ही पाहुणे बंद केले.

तुझ्या पत्रात तळमळ आहे. नांदेडच्या एखाद्या शाळेत वर्षभर दर शनिवारी जाशील का? मला कळव.

मॅडम, तुम्ही लिहिलं होतं की तिथल्या काही मुलांना कोणताच देश नाही. म्हणजे नेमकं काय? मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे.
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

बाळ, एक प्रसंग सांगते. तालुक्याच्या कचेरीत मी एका आखा मुलाबरोबर आणि त्याच्या आजोबांबरोबर बसले होते. कारकुनानं विचारलं, हा इथलाच कशावरून? आजोबा उभे राहिले आणि पूर्वजांची नावं म्हणायला लागले. आखांमध्ये बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर हे लेकाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, साखळीची कडी कडीत अडकावी तसं. पन्नास-साठ पिढ्या म्हणणारी माणसं त्यांच्यात आहेत. आपल्याकडचे हेळवी वंशावळ सांगतात, त्याची मला आठवण झाली. कारकून ऐकत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाला, आजोबा, हे सगळं खरं असेल, पण कागद आहे का?

कागद नव्हता. बाळंतपण डोंगरात घरीच झालेलं, नोंद कोणी केलेली नाही, आईबापाचीच नोंद नाही. अशांना थायलंडमध्ये शून्यापासून सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक मिळतो. शाळेत ज्यांच्याकडे तोही नसतो त्यांना 'जी' अक्षराचा क्रमांक देतात. २००५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं ठराव केला, की कागद असो वा नसो, देशातल्या प्रत्येक मुलाला शाळेत घ्यायचं. हा ठराव मी फार मोठा मानते. पण शाळा संपली की पुढं सरकारी नोकरी, मतदान, पासपोर्ट, सगळीकडे दार बंद.

२०१८ मध्ये थाम लुआंग गुहेत फुटबॉलची बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ते तुला आठवत असेल. ती गुहा आमच्याच जिल्ह्यात, माए साईला. त्यातली तीन मुलं आणि प्रशिक्षक असेच देश नसलेले होते. आत पोचलेल्या ब्रिटिश पाणबुड्यांशी ज्या मुलानं इंग्रजीत बोलणं केलं, तो त्यातलाच. त्या चौघांना ऑगस्टमध्ये नागरिकत्व मिळालं. आमच्या लेकरांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि एकानं मला विचारलं, "ख्रू, गुहेत जावं लागतं का?" ख्रू म्हणजे शिक्षक. मला उत्तर देता आलं नाही. पुढं ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं जवळपास ४ लाख ८० हजार लोकांसाठी प्रक्रिया सोपी करायचं ठरवलं. त्या कारकुनासमोर बसलेल्या मुलाचे कागद आता त्यात आहेत. सुईणीचा जबाब, गावप्रमुखाची सही, शाळेचे दाखले, नातेवाइकाबरोबरची डीएनए चाचणी. ही फाईल बांधायला आम्हाला सहा वर्षं लागली.

तू कायदा शिकतेस म्हणून एक सांगू? पारध्यांच्या पालावर जा. तिथली लेकरं आपल्याच देशाची आहेत, तरी कितीतरी जणांची जन्मनोंद नाही. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं होते. अर्ज, शपथपत्र, चौकशी, हेलपाटे. हे हेलपाटे घालणारं माणूस त्यांच्याकडे नसतं. एका लेकराची एक फाईल पूर्ण कर आणि मला लिही. मी वाट बघेन.

ताई, तिथं राहणं कसं वाटतं? जेवणाचं काय? गावाकडची आठवण येते का?
— एक आजी, परभणी

आजी, येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर फार. त्या दिवसांत तिकडं रान पेटतं, मक्याची शेतं जाळतात, आणि धूर असा दाटतो की समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. लेकरांना खोकला लागतो. आम्ही एक खोली बंद करून हवा गाळायचं यंत्र लावलंय, मैदानी खेळ बंद.

जेवणाचं मात्र सुख आहे. तिकडं नाम प्रिक नुम म्हणून करतात: हिरव्या मिरच्या, लसूण, कांदा निखाऱ्यावर भाजून खलबत्त्यात कुटायचं. आईनं पहिल्यांदा खाल्लं आणि म्हणाली, "अगं, ह्यो तर ठेचाच की, तेल तेवढं राहिलंय." मी ज्वारीचं पीठ घेऊन जाते. भाकरी थापताना लेकरं भोवती बसतात. चपला फिरवून ठेवणारी ती मुलगी आता वीस वर्षांची आहे, चिआंग राईत नर्सिंग करते. सुट्टीला डोंगरातल्या आपल्या घरी जाताना वाटेत आमच्याकडे थांबते, आणि तिची भाकरी माझ्यापेक्षा गोल होते.

तिकडच्या शाळांना मार्चच्या मध्यापासून दोन महिने सुट्टी असते, म्हणून एप्रिलमध्ये मी गावी औश्याला असते. गुरुजी, तेव्हा गेवराईला येईन. ऊसतोडीची माणसं परतलेली असतील. आपण घरोघर बसू, वही मी आणते.