दहा महिने झाले, टाळू भरली नाही

'मावशी, माझी लेक दहा महिन्यांची झाली, तरी तिची टाळू भरलेली नाही. सासूबाई रोज एरंडेलात भिजवलेला कापूस टाळूवर ठेवतात. जाऊबाईंच्या मुलाची आठव्या महिन्यातच भरली होती, तुझ्या दुधात कस नाही, असं म्हणतात. मालिशवाल्या बाईही त्यांना दुजोरा देतात. झोपेत टाळू उडताना दिसली की पोटात गोळा येतो. तिचं डोकं धुवायलाही माझा हात धजत नाही.' – एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

अगं, आधी तो दुधाचा बोल मनातून काढून टाक. टाळू दुधाच्या कसावर भरत नाही आणि तेलानंही भरत नाही.

बाळाच्या कवटीची हाडं जन्मतः सुटी असतात, म्हणून तर डोकं दबत, सरकत बाहेर येऊ शकतं. पुढेही ती लगेच जुळून चालत नाही, कारण आत मेंदू भराभर वाढत असतो. जन्माच्या वेळी साधारण ३५ सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४५-४६ वर जातो. मागची टाळू इवलीशी, ती दोन-तीन महिन्यांत भरून जाते, कित्येक आयांना कळतही नाही. पुढची, पत्त्यातल्या चौकटीसारखी, ती बहुतेक बाळांची १२ ते १८ महिन्यांत भरते. कुणाची आधी, कुणाची दोन वर्षांपर्यंतही. तेव्हा पुतण्याची आठव्यात भरली हेही ठीक आणि तुझ्या लेकीची दहाव्यात उघडी हेही ठीक.

ती उडते ना, तो तिच्या नाडीचा ठोका आहे. दुपारी ती मांडीवर झोपली की जावळावरून बोटं अलगद टेकव. कातड्याखाली चांगला चिवट पडदा असतो. रोजच्या हातानं डोकं धुतलंस तर काही होत नाही.

लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर. बाळ शांत असताना, मांडीवर उभं धरून टाळू बघायची. रडताना फुगते, ते सोडून दे. शांत असतानाही टम्म फुगलेली, आणि जोडीला ताप, उलट्या किंवा गुंगी असेल, तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठायचा. टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय. आपल्याकडे मे महिन्यात लू चालते, त्यात जुलाब लागले तर हे फार लवकर होतं. तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा-सात तास लंगोट कोरडा, अशा वेळी अंगावर पाजत राहा, ओआरएस चमच्या-चमच्यानं दे आणि निघ. 'टाळू पडली' म्हणून ती वर उचलायला कुणाकडे नेऊ नकोस, त्यात वेळ जातो.

टाळू फार लांबली तर मुडदूस किंवा थायरॉइडची कमतरता आहे का, हे डॉक्टर तपासतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत ना? पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचे असतात. कुठल्याही आईच्या दुधात ते कमीच असतं, यात तुझी काही उणीव नाही.

आता सासूबाई. तेलाची वाटी त्यांच्या हातातून हिसकावू नकोस. नातीच्या डोक्यावरून फिरणारा तो हात मला तरी मोलाचा वाटतो. पण कापसाचा बोळा दिवसभर ठेवू नये, त्यानं पिवळट खपल्या धरतात. डोकं दाबून गोल करायचं नाही, आणि नाका-कानात तेल अजिबात नको. हे तिन्ही मालिशवाल्या बाईंना घरातल्या मोठ्यांनी सांगितलं तर त्या ऐकतील, तेव्हा सासूबाईंनाच सांगायला लाव.

या आठवड्यात लेकीला डॉक्टरांकडे ने, आणि जाताना सासूबाईंना बरोबर घे. डॉक्टर डोक्याचा घेर टेपनं मोजतील, आधीच्या नोंदींशी ताडून बघतील. 'टाळू कधी भरेल?' हा प्रश्न सासूबाईंनाच विचारू दे.